चार लाख ओळींचा ठपका

सोमवार, ३ मार्च
सकाळी १०.४०

आजपासून रोजनिशी. ऑफिसात जे चाललंय त्याची कुठेतरी नोंद राहायला हवी. बोलायला माणसं नाहीत अशातला भाग नाही. पण लिहिलेलं बरं असतं.

घटना अशी. सकाळच्या मीटिंगमध्ये आमच्या टीमच्या प्रमुख, लीडबाई, यांनी जाहीर केलं की यापुढे कोडची मांडणी हाताने करायची नाही. फॉरमॅटर नावाचा प्रोग्रॅम येणार. तुम्ही कितीही गबाळा कोड लिहा, सेव्ह केलं की तो आपोआप टापटीप होणार. कुठली ओळ किती आत सरकवायची, लांब ओळ कुठे मोडायची, कंसाच्या अलीकडे जागा सोडायची की पलीकडे, सगळं मशीन ठरवणार.

सगळ्यांनी माना डोलावल्या. हेडफोनने तर टाळ्या वाजवल्या. (हेडफोन म्हणजे समोरच्या रांगेतली प्रोग्रॅमर. तिच्या कानांवरून ते कधी उतरलेले मी पाहिले नाहीत. टाळ्या कशाला वाजवल्या हे तिला तरी माहीत असेल का, शंका आहे.)

हे काम गेली अकरा वर्षं मी करतोय. आमचं सॉफ्टवेअर लिफ्टच्या देखभालीचं. कुठल्या इमारतीतली लिफ्ट कधी तपासायची, कुठल्या मेकॅनिकने, वगैरे. कोड बाकीचे लिहितात. मी मागून जातो आणि ओळी सरळ करतो. आतली प्रत्येक ओळ चार स्पेस आत. बरोबरची चिन्हं एकाखाली एक, ओळंब्यात. माझ्यामागे मला फूटपट्टी म्हणतात हे मला ठाऊक आहे. अचूकपणाची कदर असल्याशिवाय कोणी असं नाव ठेवत नाही.

सुरुवातीला मीही लिहायचो. तपासणीचे रिपोर्ट छापण्याचा अख्खा भाग माझा होता. तीन वर्षांपूर्वी तो काढून टाकला, कारण आता कोणी छापत नाही. यात माझी काही चूक नाही, कागदाची आहे.

संकल्प: फॉरमॅटरला विरोध करायचा नाही. त्याला वळण लावायचं. नियमांचं पुस्तक लिहून द्यायचं. बुधवारपर्यंत.

मंगळवार, ४ मार्च

पुस्तक झालं. अडतीस पानं. 'मोकळी ओळ' या प्रकरणालाच सहा पानं लागली, पण त्यात काटछाट शक्य नव्हती. लोक दोन मोकळ्या ओळी कुठेही सोडतात. घरी असंच वागतात का, कोण जाणे.

बुधवार, ५ मार्च
दुपारी

सहा प्रती काढून नेल्या. मीटिंग अर्ध्या तासाची. त्यातली चोवीस मिनिटं एअर कंडिशनरवर गेली. मी दुसऱ्या पानावर पोचलो तेव्हा लीडबाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या की पुस्तक छान आहे, पण या फॉरमॅटरमध्ये बदलण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं. तेच तर त्याचं चांगलं आहे. कोणी वादच घालायचा नाही.

आतली ओळ किती आत, तर दोन स्पेस. दोन! बरोबरची चिन्हं एकाखाली एक येणार नाहीत. जिथे येतील तिथे.

मात्र एका ओळीत ऐंशी अक्षरांच्या वर काही नको, हा नियम त्यांनी ठेवलाय. माझ्या पुस्तकातलं पान चार. म्हणजे वाचलं असणार.

मग प्रश्न निघाला, की पूर्ण जुन्या कोडवर फॉरमॅटर एकदा कोणीतरी फिरवायला हवा. सगळे टेबलाकडे बघायला लागले. शेवटी सॉरी बोलला. (सॉरी म्हणजे माझ्या डावीकडचा. प्रत्येक वाक्य सॉरीने सुरू करतो, अगदी गुड मॉर्निंगसुद्धा.) तो म्हणाला की सॉरी, पण सरांना या सगळ्याची आवड आहे ना. लीडबाई म्हणाल्या की उत्तम, शनिवारी करा, ऑफिसात कोणी नसतं, कोणाच्या कामात लुडबुड व्हायची नाही.

एवढी मोठी जबाबदारी बिनविरोध माझ्याकडे आली. अंगावर मूठभर मांस चढलं.

शनिवार, ८ मार्च

सकाळी ९.५५. दोन डबे, थर्मास, स्वेटर. सिक्युरिटीवाल्याने विचारलं की किती वेळ लागेल. म्हटलं, संध्याकाळ तर होईलच.

१०.२०. कमांड दिली.

१०.२१. झालं.

एक्केचाळीस सेकंद. तीन हजार शंभर फायली, चार लाख बारा हजार ओळी.

पुन्हा तपासलं. खरंच झालं होतं. माझ्या नावाने सगळं जमा केलं आणि बसून राहिलो. एवढ्यात खाली गेलो असतो तर सिक्युरिटीवाल्याला वाटलं असतं की काहीतरी विसरलो म्हणून आलो होतो.

दुपारी जुन्या फायली उघडून पाहिल्या. माझे ओळंबे गेले. वाईट वाटलं. आधी थोडं, मग बरंच. सहा-सहा ओळींची चिन्हं एका रेषेत यायला कधी कधी अख्खी दुपार जायची. त्या दुपारी चांगल्या जायच्या.

एकचा डबा एकला खाल्ला. दुसरा चारला, कारण आणला होता.

साडेपाचला निघालो. सिक्युरिटीवाला म्हणाला की आज फारच काम होतं वाटतं. म्हटलं, विचारू नका.

सोमवार, १० मार्च

कोणी काही बोललं नाही. काम इतकं बेमालूम झालं की कोणाच्या लक्षातही आलं नाही. ही खरी पावती.

जेवायला सगळे लांब टेबलावर बसतात. मी खिडकीजवळच्या दोघांच्या टेबलावर बसतो. समोरच्या खुर्चीवर बॅग ठेवतो. शांत असतं. मला आवडतं.

मंगळवार, ११ मार्च
सकाळी ११.१५

विलक्षण प्रकार. सॉरी माझ्या टेबलाशी आला. स्वतःहून, पायांनी चालत. म्हणाला की सॉरी सर, ही ओळ तुमची आहे ना, मग इथे मेकॅनिकची यादी दोनदा का वाचलीय?

पाहिलं तर खरंच, ओळीच्या बाजूला माझं नाव.

उलगडा असा. एक कमांड असते, तिचं नाव ब्लेम. म्हणजे सरळ भाषेत ठपका. कुठल्याही फाइलवर ती चालवली की प्रत्येक ओळीला शेवटचा हात कोणी लावला त्याचं नाव बाजूला येतं. काही अडलं की सगळे आधी ब्लेम बघतात आणि त्या माणसाकडे जातात. मी शनिवारी सगळ्याच ओळींना हात लावला. ज्या फायलींना फॉरमॅटरने दोन स्पेसचा धक्का दिला, म्हणजे झाडून सगळ्यांना, तिथे आता वरपासून खालपर्यंत एकच नाव आहे. माझं.

सॉरीला खरं सांगायला हवं होतं. पण तो खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभा होता, घाईत नव्हता. म्हटलं, बघून सांगतो, उद्या या. तो म्हणाला की सॉरी, चालेल, आणि जाताना हसला.

गुरुवार, १३ मार्च

काल तीन, आज पाच.

हेडफोनसुद्धा आली. एक कान मोकळा करून आली होती. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं, पण मी फाइल उघडून वर-खाली स्क्रोल केलं, दोनदा हं म्हटलं, आणि विचारलं की तुला काय वाटतं. तिने दहा मिनिटं स्वतःच बोलून स्वतःच उत्तर काढलं आणि थँक्यू सर म्हणाली. याला मार्गदर्शन म्हणतात.

संकल्प: १. रोज संध्याकाळी दोनशे ओळी वाचायच्या, म्हणजे त्यांत काय लिहिलंय ते कळेल. अकरा वर्षं मी ओळी पाहिल्या, वाचायची वेळ आली नाही. २. कॉन्फरन्स रूममधली एक जादा खुर्ची माझ्या टेबलाशी आणून ठेवायची. लोकांना उभं ठेवणं बरं दिसत नाही. ३. बिस्किटं. खारी आणि गोड, दोन डबे.

रविवार, १६ मार्च

ताईचा फोन. रविवारी अकराला येतो. आधी भाऊजींच्या गुडघ्यांची हकिकत, मग माझी चौकशी. जेवलास का, कोणाबरोबर जेवलास, हे ती गेली दहा वर्षं विचारते. मी जेवलो एवढंच सांगतो.

आज तिने मुद्द्याला हात घातला. म्हणाली की वरची खोली रिकामी पडलीय, तू ये राहायला. तुझं ते काम कॉम्प्युटरवरच असतं ना, मग इथून कर, नाहीतर इथे दुसरं बघ. पन्नाशी उलटली, ताप आला तर पाणी द्यायला कोण आहे तुला. तिला पुढच्या रविवारी हो की नाही ते हवंय, कारण खोली मागायला कोणीतरी येऊन गेलंय.

मी म्हटलं, विचार करतो. मागच्या महिन्यात विचारलं असतं तर त्याच दिवशी बॅग भरली असती, हे इथे लिहून ठेवतो, कारण इथे कोणी वाचत नाही. पण आता परिस्थिती वेगळी आहे. आता माझ्यावर माणसं अवलंबून आहेत.

मंगळवार, १८ मार्च
दुपारी २

जेवायला खिडकीकडे निघालो होतो. लांब टेबलावरून सॉरीने हाक मारली की सॉरी सर, इकडे या ना, तो कालचा प्रश्न राहिलाय. बाजूची खुर्ची पायाने मागे सरकवून दिली.

लांब टेबलावर जेवलो. हेडफोनच्या मांजरीला चष्मा लागायची वेळ आलीय अशी चर्चा होती. मांजरीला चष्मा नसतो, असं मी सांगितलं. सगळे हसले. मी विनोद केला नव्हता, पण तसं सांगितलं नाही.

परत येऊन अर्धा तास काहीच सुचलं नाही. आनंद झाला होता. हा शब्द रोजनिशीत पहिल्यांदाच आला असावा.

गुरुवार, २० मार्च

नऊ. उच्चांक.

नववा सॉरी. त्याने तारखांच्या हिशेबाची फाइल आणली होती. म्हणाला की सॉरी सर, पुढच्या तपासणीची तारीख काढताना इथे शेवटी एक दिवस वजा का केलाय? काही कारण आहे का, की जुनं राहून गेलंय? कारण नसेल तर काढून टाकतो.

ही ओळ मला ओळखू आली. पूर्ण कोडमध्ये मला सलणाऱ्या ज्या काही ओळी आहेत त्यांतली ही पहिली. चौऱ्याऐंशी अक्षरं. म्हणजे ऐंशीच्या बाहेर. म्हणून फॉरमॅटरने तिचे तीन तुकडे करून एकाखाली एक लटकवलेत. त्यातला 'वजा एक' बाजूच्या जागांसकट चार अक्षरांचा. तो काढला की ओळ बरोबर ऐंशीत बसते. मी मोजलं. पुन्हा मोजलं.

सॉरी वाट बघत होता. बिस्किट खात होता. हेडफोनही मागे येऊन उभी राहिली. दोघं माझ्याकडे बघत होती. अशा वेळी माहीत नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

मी म्हटलं, ते जुनं आहे. काढून टाका.

त्याने काढलं. ओळ सरळ झाली. सुंदर दिसते.

रविवार, २३ मार्च

ताईला नाही म्हणून सांगितलं. तिला नीट समजावून दिलं की मी सध्या इथून हललो तर पूर्ण डोलारा खाली येईल. चार लाख ओळी माझ्या नावावर आहेत. दिवसाला नऊ माणसं येतात. जेवताना तर सोडतच नाहीत.

ती म्हणाली की चांगलं झालं रे बाबा, मला तीच काळजी होती. आवाज भरून आल्यासारखा वाटला. बहुतेक लाइन खराब होती.

फोन ठेवल्यावर घर फार शांत वाटलं. संकल्प: रेडिओ दुरुस्त करून आणणे.

गुरुवार, २७ मार्च

गोंधळ.

हकिकत अशी. तपासणीच्या आधी इमारतीत सूचना जाते की अमुक तारखेला लिफ्ट बंद राहील. ती सूचना एक प्रोग्रॅम पाठवतो. मेकॅनिकची यादी दुसरा प्रोग्रॅम काढतो, आणि तो 'वजा एक' त्यातला होता. परवा नवी आवृत्ती सगळीकडे गेली. आज बासष्ट इमारतींतल्या वॉचमननी सूचनेप्रमाणे सकाळी लिफ्ट बंद केल्या आणि मेकॅनिकची वाट बघत बसले. मेकॅनिक एकही आला नाही. त्यांच्या यादीत तपासणी उद्या आहे.

बासष्ट इमारतींतली माणसं दिवसभर जिने चढली. अकराव्या मजल्यावरच्या एका आजोबांनी कॉल सेंटरला सात वेळा फोन केला. सातव्यांदा ते फक्त धापा टाकत होते, असं कॉल सेंटरवाली म्हणाली.

लीडबाईंनी तो 'वजा एक' ज्याने मुळात लिहिला होता त्याला शोधून काढलं. तो सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला. आता रोपांची नर्सरी चालवतो. त्याने फोनवर पाणी घालता घालता सांगितलं की मेकॅनिकची यादी आदल्या दिवशी निघते, म्हणून तिथे एक दिवस वजा करावा लागतो, त्याला हात लावू नका. एका वाक्यात.

सहा वर्षं झाली जाऊन. तरी त्याला फोन लागला, आणि त्याला ओळ आठवत होती.

पाचावर धारण बसली आहे. उद्या माझं नाव निघणार.

शुक्रवार, २८ मार्च
सकाळी ८.३०

माफीचं पत्र लिहिलं. दीड पान. 'सर्वस्वी माझीच चूक' हे शब्द मधोमध आलेत, छान दिसतात. रागवतील, आवाज चढवतील. चढवू देत. केबिनमध्ये बोलावतील, दार लावून घेतील, तासभर माझ्याशीच बोलतील. तयारी आहे.

दुपारी १२.१०

मीटिंग झाली.

मी उभा राहून म्हटलं की चूक माझी आहे. लीडबाई म्हणाल्या की तुमचा काय संबंध? मी म्हटलं, ओळ माझ्या नावावर आहे. त्या म्हणाल्या की अहो, ते फॉरमॅटरमुळे, तुम्ही फक्त बटण दाबलंत. मी म्हटलं, काढून टाका असं मीच सांगितलं. यावर सॉरी उठला आणि म्हणाला की सॉरी, चूक माझी आहे, मी तपासायला हवं होतं. सरांना कसं माहीत असणार.

मी म्हटलं, मला माहीत असायला हवं होतं. लीडबाई अगदी मायेने म्हणाल्या की कशाला उगाच मनाला लावून घेता, तुमच्यावर कोणी ठपका ठेवत नाहीये. बसा.

बसलो. पत्र खिशातच राहिलं.

दुपारी ४

सॉरीच्या टेबलाभोवती सहा माणसं आहेत. हेडफोनने त्याला कॉफी आणून दिली, तेही दोन्ही कान मोकळे ठेवून. कोणीतरी पाठीवर थाप मारली. लीडबाई त्याला म्हणाल्या की असं सगळ्यांच्या हातून होतं, आणि स्वतःच्या पहिल्या वर्षातला घोटाळा सांगितला. सगळे खूप हसले. इथपर्यंत ऐकू आलं.

चूक अर्धी माझी होती. अर्धी कॉफी मागत नाही. पण कोणीतरी येऊन मला दोन शब्द सुनवायला हवे होते.

शनिवार, २९ मार्च

ताईला फोन केला. शनिवारी माझा फोन बघून ती घाबरली. आधी विचारलं की पडलास का कुठे. म्हटलं, नाही, सहज.

भाऊजींच्या गुडघ्यांची चौकशी केली. बरीच सविस्तर केली. मग सहज विचारलं की वरच्या खोलीचं काय झालं. ती म्हणाली की एका फिजिओथेरपिस्ट बाईंना दिली, सोमवारीच सामान आलं त्यांचं. भाऊजींच्या गुडघ्यांनाही सोय झाली. तूच म्हणालास ना तुझं तिथे छान चाललंय.

म्हटलं, छानच चाललंय. गुडघ्यांची सोय महत्त्वाची. दुधात साखर.

तिने विचारलं की मग फोन कशाला केलास. म्हटलं, रविवारी बहुधा जमणार नाही, म्हणून आजच केला.

रविवार, ३० मार्च

दिवसभर घरी होतो.

अकराला फोन आला नाही. मीच तसं सांगितलं होतं.

सोमवार, ३१ मार्च

लीडबाईंनी बोलावलं. केबिनमध्ये. दार उघडंच होतं.

म्हणाल्या की हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, राहून गेलं. एक छोटी फाइल बनवायची. फॉरमॅटर फिरवला त्या शनिवारच्या कामाचा नंबर त्यात लिहायचा. मग ब्लेम ते काम धरतच नाही, त्याच्या मागे जाऊन ओळ मुळात ज्याने लिहिली त्याचं नाव दाखवतं. म्हणजे लोक योग्य माणसाकडे जातील आणि तुम्हालाही विनाकारण त्रास होणार नाही. नंबर तुमच्याकडेच असेल, तर तुम्हीच करून टाका.

मी म्हटलं, मला त्रास होत नव्हता. त्या म्हणाल्या की तुमचा चांगुलपणा आहे.

शिवाय दुसरी एक सोय त्यांनी स्वतःच चालू केली. एखाद्याने ओळीतल्या नुसत्या मोकळ्या जागा कमी-जास्त केल्या असतील, तर यापुढे त्याचंही नाव धरायचं नाही.

फाइल बनवली. एका ओळीची. पाच मिनिटांचं काम होतं. मी ते सव्वातीन ते सहा केलं.

मंगळवार, १ एप्रिल

शून्य. पहिल्या दिवशी असं होणारच. लोकांना सवय व्हायला वेळ लागतो.

बिस्किटं मऊ पडली आहेत.

बुधवार, २ एप्रिल

हेडफोन उठून माझ्या दिशेने आली. मी फाइल उघडली, खुर्ची पुढे ओढली. ती माझ्यामागच्या टेस्टरबाईंकडे गेली.

जेवायला लांब टेबलावर गेलो. माझ्या खुर्चीवर कोणी नव्हतं, त्यामुळे बसलो. नर्सरीवाल्याच्या गोष्टी चालल्या होत्या. तो येत्या शनिवारी सगळ्यांना रोपं बघायला बोलावतोय. कोण कोणाच्या गाडीतून जाणार ते ठरत होतं. मी त्यात पडलो नाही. मला कोणी विचारलंही नाही, पण विचारलं असतं तरी शनिवारी मला वेळ नव्हता. काय काम आहे ते अजून ठरवलेलं नाही.

संकल्प: दोनशे ओळींचं वाचन चालू ठेवायचं. कोणी विचारो न विचारो. आतापर्यंत अडीच हजार झाल्या. मेकॅनिकची यादी दोनदा का वाचतात ते मला आज कळलं. पहिल्यांदा वाचताना सुट्टीवर असलेले गाळायचे राहतात. सॉरीला सांगायला गेलो. तो म्हणाला की सॉरी सर, ते कधीच झालं.

शुक्रवार, ४ एप्रिल
संध्याकाळी ६.४०

आज काम कमी होतं. म्हटलं, एकदा बघू तरी माझं खरोखरचं असं कोडमध्ये किती आहे. अकरा वर्षं म्हणजे काही थोडीथोडकी नाहीत. शनिवारचं एक काम वगळलं म्हणून काय झालं. माझा अंदाज, पन्नास हजार ओळी. अगदीच कंजूषपणे मोजलं तर तीस.

सगळ्या फायलींवर ब्लेम चालवून त्यात माझं नाव शोधायचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. बऱ्याच वर्षांनी स्वतः काहीतरी लिहिलं. चालायला चार मिनिटं लागली.

उत्तर: १.

प्रोग्रॅममध्ये चूक असणार असं वाटलं. तपासला. चूक नव्हती. रिपोर्ट छापण्याचा भाग काढून टाकलेला. ओळंबे म्हणजे नुसत्या मोकळ्या जागा, त्या आता धरत नाहीत. शनिवारचं काम वगळलेलं. उरली एक.

कुठली ते पाहिलं. सोमवारी बनवलेली ती फाइल. माझं नाव धरू नका असं सांगणारी ओळ, तेवढी माझ्या नावावर आहे.

ओळ चाळीस अक्षरांची आहे. आधी-नंतर कुठे फालतू जागा नाही. फॉरमॅटर त्या फाइलला हात लावत नाही. ती का लिहिली, कोणी लिहायला सांगितली, काढली तर काय होईल, सगळं मला पाठ आहे. या ओळीबद्दल कोणी काहीही विचारायला आलं तर मला उद्या या म्हणावं लागणार नाही.

साडेसहापर्यंत थांबलो.